पडद्यावरचा बाईपणा आणि पुरुषपणा: हावभाव वाचायचे कसे?

दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ हा मूकपट काढला, तेव्हा बाळकृष्णाची भूमिका त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला दिली. ती त्या वेळी सात वर्षांची होती. कथेला हात घालण्याआधी फाळके प्रेक्षकाला नुसता तिचा चेहरा दाखवतात. सात वर्षांच्या एका लहान मुलीने केलेला हा मुखाभिनयाचा अभ्यास आहे, असे पडद्यावरची अक्षरे सांगतात आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. त्यानंतर तीच मुलगी कृष्ण होऊन यमुनेकाठी वावरू लागते. याच्या सहा वर्षे आधी, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, तारामती झाले होते अण्णा साळुंके. मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे हे गृहस्थ फाळक्यांनी निवडले, कारण चित्रपटात उभी राहायला एकही स्त्री तयार नव्हती. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या.

आपल्या चित्रपटाचा आरंभ असा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच माणसाचा चेहरा, तेच हात, तेच पाय. आणि तरीही प्रेक्षकाला एका दृश्यात राम दिसतो, दुसऱ्या दृश्यात सीता दिसते. वेशभूषेने आणि दागिन्यांनी त्यातले बरेच काम केले असेल, पण मान किती झुकवायची, खांदे किती आवळायचे, पाऊल किती लांब टाकायचे आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा की नाही, हे ठरवल्याशिवाय ते काम पुरे झाले नसते. बाई म्हणून किंवा पुरुष म्हणून ओळखू येण्यासाठी समाजाने ठरवलेल्या या ज्या खुणा आहेत, त्यांना अभ्यासक ‘लिंगभाव’ म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातली कल्पना अवघड नाही. शरीर जन्माने मिळते. ते कसे वागवायचे हे मात्र शिकावे लागते. चित्रपट हे शिक्षण आपल्याला दाखवतो, आणि पुष्कळदा देतोसुद्धा.

आपण रोज वापरतो तो ‘हावभाव’ हा शब्दच पाहावा. भरताच्या नाट्यशास्त्रात भाव, हाव आणि हेला हे तीन शब्द एका ओळीत येतात आणि ते तिन्ही तरुण स्त्रीचे ‘अंगज अलंकार’, म्हणजे तिच्या शरीरातूनच उमटणारे दागिने, मानले आहेत. मनातली पहिली हालचाल म्हणजे भाव. ती डोळ्यांतून आणि भुवयांतून बाहेर डोकावू लागली की हाव. आणि ती उघडपणे प्रकट झाली की हेला. आज आपण मंत्र्याच्या हावभावांविषयीही बोलतो, पण या शब्दाच्या मुळाशी शृंगारात उभी असलेली एक स्त्री आहे आणि तिच्याकडे पाहणारा कोणीतरी आहे. त्याच ग्रंथात उभे राहण्याच्या पद्धतीही वाटून दिल्या आहेत. पुरुषांसाठी वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ अशी सहा स्थाने आहेत. स्त्रियांसाठी आयत, अवहित्थ आणि अश्वक्रांत अशी तीन. पुरुषांच्या यादीतली मंडल, आलीढ यांसारखी स्थाने पायांत चांगले अंतर ठेवून जागा व्यापणारी आहेत, धनुष्य ओढायला, शस्त्र फेकायला सोयीची. मात्र हाच ग्रंथ असेही सांगतो, की पुरुषाला स्त्रीची आणि स्त्रीला पुरुषाची भूमिका करता येते, आणि त्या प्रकाराला तो ‘रूपानुसारिणी’ असे नाव देतो. म्हणजे या खुणा शिकून आत्मसात करता येतात, हे त्या काळीही ठाऊक होते.

घराघरांतही एक न लिहिलेले नाट्यशास्त्र असते. ‘खाली मान घालून जायचे आणि खाली मान घालून यायचे’ हे वाक्य मराठी घरांत मुलींच्या किती पिढ्यांनी ऐकले असेल, याचा हिशेब नाही. मुलाला कोणी असे सांगत नाही. त्याला ‘मुलीसारखा रडतोस काय’ एवढे सांगितले जाते. या दोन वाक्यांत पडद्यावरच्या अभिनयाचा बराचसा नकाशा येतो. मुलीच्या शरीराला जागा कमी घ्यायला सांगितले आहे आणि मुलाच्या चेहऱ्याला भावना कमी दाखवायला सांगितले आहे. शरीराची शिस्त तिला, चेहऱ्याची शिस्त त्याला.

जवळून पाहण्यासाठी साडीचा पदर ही एकच गोष्ट घेऊ. मराठी चित्रपटातल्या नायिकेच्या हातात पदर हे एक पूर्ण वाद्य असते. दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेतला, की समोर परका पुरुष किंवा वडीलधारे माणूस आले आहे हे कळते. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले जाऊ लागले, की लाज. पदर तोंडात धरला, की हुंदका दाबला जात आहे. पदराने डोळे टिपले, की दुःख मान्य झाले आहे. आणि पदर कमरेला खोचला, की बाई आता कामाला किंवा भांडणाला उभी राहिली; यापुढे ती मागे हटणार नाही. यातली पहिली चार कृत्ये शरीर आवळून घेणारी आहेत, पाचवे एकटे शरीर मोकळे करणारे आहे. पुरुषाच्या वाट्याला आलेली कृत्ये पाहा: बाह्या सरसावणे, मिशीला पीळ देणे, मांडीवर थाप मारणे, छाती पुढे काढून चालणे. आपल्या अस्तित्वाचा आकार वाढवून दाखवणे हे त्यातले समान सूत्र आहे. यातली एकही गोष्ट निसर्गाने दिलेली नाही, पण लहानपणापासून पाहिल्यामुळे ती तशी वाटते, आणि दिग्दर्शक याच वाटण्यावर आपले दृश्य उभारतो.

इथपर्यंत नटाच्या शरीराविषयी बोललो. दुसरा भाग प्रेक्षकाच्या डोळ्यात असतो, आणि तो अधिक चकवणारा आहे. १९७६ साली अमेरिकेत जॉन कॉन्ड्री आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी एक साधा प्रयोग केला. एका तान्ह्या बाळाचे चित्रीकरण त्यांनी प्रौढ प्रेक्षकांना दाखवले. त्यात झाकण उघडताच टुणकन वर उसळणारे एक बाहुले बाळासमोर येते आणि बाळ दचकून रडू लागते. काही प्रेक्षकांना सांगितले होते, की हा मुलगा आहे. काहींना सांगितले होते, की ही मुलगी आहे. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती अधिक दिसली. चित्रफीत एकच, बाळ एकच, अश्रू तेच. फरक फक्त एका शब्दाचा होता.

याच्या शेजारी चित्रपटाच्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रयोग ठेवावा. रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांच्या संधिकाळात इव्हान मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला एकदा सूपच्या वाडग्याचे, एकदा शवपेटीचे आणि एकदा कोचावर पहुडलेल्या स्त्रीचे दृश्य जोडले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि अभिलाषा दिसली आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली, असे सांगितले जाते. संकलनाचे सामर्थ्य समजावण्यासाठी हे उदाहरण नेहमी देतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: ‘हा पुरुष आहे’ किंवा ‘ही बाई आहे’ हे आपले ज्ञानच त्या सूपच्या वाडग्यासारखे काम करते. ते चेहऱ्याला जोडले गेले, की चेहरा बदलतो. म्हणून गप्प बसलेला नायक आपल्याला आतून धुमसत असलेला वाटतो आणि गप्प बसलेली नायिका आतून तुटलेली वाटते. दोघांच्या चेहऱ्यावर खरोखर काय चालले आहे, हे तपासण्याची तसदी आपण घेत नाही. कित्येक दृश्यांत नटीने रागाचा अभिनय करूनही तो दुःख म्हणून वाचला जातो, आणि नटाने काहीही न करता त्याच्या पदरात ‘संयत अभिनया’चे श्रेय पडते. हे अन्यायाचे आहे, आणि ते आपल्या पाहण्यातून घडते.

तिसरा भाग कॅमेऱ्याचा. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक स्त्रीने १९७५ साली एका निबंधात मांडले, की हॉलिवूडच्या रूढ चित्रपटात कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकाच दिशेने, म्हणजे पुरुषाकडून स्त्रीकडे वाहते. तो पाहतो आणि ती पाहिली जाते. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, मल्व्ही यांनी स्वतःही तिच्यात भर घातली, पण त्यातले मूळ निरीक्षण आपल्याकडच्या गाण्यांना आजही चपखल लागू पडते. नायिकेच्या प्रवेशाचे गाणे असेल तर कॅमेरा आधी पावले, मग कंबर, मग पाठ असे तुकडे दाखवतो आणि चेहरा शेवटी देतो. नायकाच्या प्रवेशातही तुकडेच असतात: गाडीतून उतरलेला बूट, मनगटावरचे कडे, वाऱ्यावर उडणारा सदरा. परंतु बुटाचा तुकडा ‘कोणीतरी येत आहे’ असे सांगतो आणि कमरेचा तुकडा ‘इकडे पाहा’ असे सांगतो. एकात शरीर कर्ता आहे, दुसऱ्यात कर्म आहे. त्याशिवाय नायकासाठी कॅमेरा जमिनीलगत जातो, म्हणजे तो आकाशाएवढा वाटतो; नायिकेवर प्रकाश मागून आणि मऊ पडतो, म्हणजे ती जमिनीवरची न वाटता स्वप्नातली वाटते.

नजरेच्या सत्तेचे अगदी ठळक उदाहरण मराठी माणसाच्या घरातच आहे. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये १९३४ साली व्ही. शांताराम यांनी दूरचे जवळ आणणारी लेन्स वापरून राजगुरूचा एकच डोळा सगळ्या पडद्यावर भरला. बळी देण्याच्या प्रथेचा रखवालदार असलेल्या त्या पुरुषाचा चेहरा, आवाज, देह हे काहीच तिथे नसते. जणू सत्ता म्हणजे एक रोखलेला डोळा. तीनच वर्षांनी, १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये, याच दिग्दर्शकाने ती रोखलेली नजर एका तरुण बाईला दिली. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने मान्य करत नाही. शांता आपटे यांनी ती साकारताना मान वर ठेवली, आवाज चढवला, आणि सावत्र मुलगा अंगलट येऊ पाहतो तेव्हा छडी उचलून त्याला फटकावले. याच काळात मुंबईत ‘हंटरवाली’ (१९३५) गाजला होता, आणि त्यातली नादिया दोन्ही हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून उभी राहत असे. नादियाचे धैर्य मोठे होते, पण तिने पुरुषांच्या हालचालींचा संच जसाच्या तसा उचलला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा मुखवटा, हातातला चाबूक, साहसकथेचे वातावरण यांमुळे तो प्रेक्षकाला पचला. नीरेला हे संरक्षण नव्हते. घरातली लग्नाची बाई म्हणून, त्याच माजघरात आणि ओसरीवर वावरताना ताठ उभे राहणे हे माझ्या मते अधिक अवघड काम होते.

पुरुषांच्या बाजूने बंधन कमी आहे असे समजू नये. तिथले बंधन वेगळ्या जागी आहे. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये पोलिस ठाण्यात आलेला शेरखान खुर्चीवर बसणार, इतक्यात अमिताभ बच्चन यांचा विजय ती खुर्ची लाथेने उडवतो. त्या एका हालचालीने हिंदी नायकाच्या शरीराची भाषा पुढची अनेक वर्षे ठरवली. त्याआधीचे राजेश खन्ना मान तिरकी करून, पापण्या मिटून हसत, डोळ्यांत पाणी आणत. त्यांच्या नायकपणात कोवळेपणाला जागा होती. नव्या नायकाच्या जबड्याचे स्नायू आवळलेले, ओठ मिटलेले आणि बोलण्यापूर्वीची स्तब्धता लांबलेली. त्याला राग मोकळा होता, दुःख रागाच्या रूपानेच दाखवता येत होते, आणि भीती तर अजिबात नव्हती. पुरुषाला रडायचेच असेल तर आईचे प्रेत किंवा मित्राचा मृत्यू एवढे मोठे कारण लागे आणि तेव्हाही कॅमेरा बहुधा पाठीमागून घेत असे. हे पाहत वाढलेल्या मुलांना घाबरल्यावर चेहऱ्याचे काय करायचे, हे कोणत्या नायकाने शिकवले?

या सगळ्या खुणा शिकलेल्या असतात याचा सर्वात सोपा पुरावा म्हणजे त्या घसरतात तेव्हाचा क्षण. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाहिला नाही असे मराठी घर विरळा. भाड्याची खोली मिळवण्यासाठी दोन मित्र बायका होतात: सचिन पिळगांवकर यांची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती. या दोघांची तुलना करून पाहावी. सुधा मान, डोळे आणि मनगट यांचा तोल सांभाळते आणि हालचाल छोटी ठेवते, म्हणून तिच्यातला पुरुष अधूनमधूनच डोकावतो. पार्वतीचे शरीर मात्र दर काही क्षणांनी स्वतःचा मूळ धडा आठवते; खांदा पुढे येतो, पाऊल लांब पडते आणि मग एकदम भान येऊन सगळे आवरले जाते. अशोक सराफ यांचा धनंजय माने गोंधळून ‘हा माझा बायको पार्वती’ म्हणतो, तेव्हा व्याकरणाचे लिंग आणि शरीराचे लिंग एकाच वाक्यात आदळतात. प्रेक्षक हसतो, कारण नियम त्याला तोंडपाठ आहेत. नियम ठाऊक नसतील तर तो मोडल्याचे कळणारच नाही. बेर्डे यांनी पार्वती इतक्या अचूक चुकांसह उभी केली, याचे कौतुक विनोदापलीकडेही व्हायला हवे.

परंतु हेच नियम मोडण्याची किंमत खऱ्या आयुष्यात हसण्यावारी जात नाही, आणि ते दाखवणारा चित्रपट म्हणून ‘नटरंग’ (२०१०) मला फार महत्त्वाचा वाटतो. आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी तो केला. गुणा कागलकर हा शेतमजूर, पैलवानी देहाचा. त्याला तमाशाचे वेड आणि राजाची भूमिका करण्याची आस. विहिरींवर पंप बसतात, मजुरी सुटते, आणि तो फड उभा करतो. नाचणारी बाई मिळते, पण फडाला नाच्या हवा अशी अट येते, आणि नाच्या व्हायला एकही पुरुष तयार होत नाही. शेवटी गुणाच तयार होतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी शरीर कमावले आणि मग ते उतरवले. चित्रपटाचा खरा विषय या उतरवण्यात आहे. आधीचा गुणा उभा राहतो तेव्हा त्याचे वजन दोन्ही पायांवर सारखे असते, हात शरीरापासून थोडे दूर असतात, मान खांद्यांत रोवलेली असते. नाच्या होताना वजन एका पायावर येते आणि कंबर बाजूला झुकते. कोपर शरीराला चिकटतात आणि मनगटे सैल होतात. नजर सरळ न जाता तिरकी जाते. त्याने स्वतःच्या देहातून राजा काढून टाकला आणि तिथे दुसरा माणूस बसवला, हे नुसत्या डोळ्यांना दिसते.

पुढे जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. गावाला कला आणि कलाकार वेगळे करता येत नाहीत. मंचावर उसनी घेतलेली कंबर आणि मनगटे ही गुणाची खरी ओळख ठरवली जाते, घर तुटते, त्याच्यावर अत्याचार होतो. ‘बायकी’ हा आपल्याकडे पुरुषासाठी शिवीसारखा वापरला जाणारा शब्द आहे, आणि ‘मर्दानी’ हा बाईसाठी बहुधा गौरवाचा. या दोन शब्दांच्या वजनातला फरक पाहिला, की लिंगभावात नुसता वेगळेपणा नसतो, उतरंड असते, हे कळते. वर चढणारीचे कौतुक होते आणि खाली उतरलेल्याला क्षमा नसते. ‘जोगवा’ (२००९) मधल्या तायप्पाला तर निवडीचीही मुभा नाही. देवीच्या नावाने त्याला जबरदस्तीने जोगता करून साडी नेसवली जाते. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते तायप्पाला एकही विनोदी हालचाल करू देत नाहीत. साडीतला देह अवघडून चालतो, आणि त्या अवघडण्यात पुरुषपणाची शरम नसून माणसाची इच्छा चिरडल्याची वेदना आहे. टाळी वाजवणारा, डोळे मिचकावणारा ठरीव तृतीयपंथी दाखवून हशा मिळवणाऱ्या असंख्य दृश्यांपुढे हा अभिनय ठेवून पाहावा.

पडद्यावरच्या हालचाली पडद्यावरच राहत असत्या, तर या विषयाला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली दिलेल्या व्याख्यानात एक अनुभव सांगितला आहे. ते न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयात असताना तिथल्या परिचारिकांची चाल त्यांना ओळखीची वाटली, आणि विचार करता करता लक्षात आले, की ही चाल आपण चित्रपटात पाहिली आहे. पॅरिसला परतल्यावर तिथल्या मुलीही तशाच चालताना त्यांना दिसल्या. समुद्रापलीकडची चाल चित्रपटाने आणून पोहोचवली होती. चालणे, बसणे, पोहणे यांसारख्या साध्या कृतीही समाज शिकवतो, हा त्यांचा सिद्धांत अशा निरीक्षणांवर उभा आहे. आपल्याला हे पटायला पॅरिसला जावे लागत नाही. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगभूमीवर ज्या रीतीने साडी नेसत, ज्या रीतीने गजरा माळत, त्याचे अनुकरण पुण्यामुंबईच्या घरंदाज स्त्रियांनी केले. स्त्रीने स्त्रीसारखे कसे दिसावे, हे त्या काळातल्या स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या. मात्र तेच बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ, म्हणजे पुरुष झाले, आणि १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा स्त्रीरूपात आले, तेव्हा रंगभूमीवरची ती मोहिनी पडद्यावर उतरली नाही. नाटकात नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अंतर होते, गाणे होते आणि दोघांनी मिळून केलेला एक करार होता. कॅमेरा जवळ जाऊन जबड्याची ठेवण आणि त्वचेचे वय पाहतो, आणि तो करार मोडतो. शिवाय तोवर पडद्यावर स्त्रिया येऊन दोन दशके झाली होती. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पाऊल टाकले होते.

आता एक सवय सुचवतो. ओळखीच्या चित्रपटातले एखादे दृश्य आवाज बंद करून पाहावे आणि फक्त तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे: कोण किती जागा व्यापतो, कोण कोणाकडे आधी पाहतो आणि कोण आधी नजर काढून घेतो. संवाद आणि पार्श्वसंगीत गेले, की शरीरांमधला खरा व्यवहार उघडा पडतो. हे करून पाहायला ‘सैराट’ (२०१६) इतका चांगला मराठी चित्रपट मला दुसरा सुचत नाही.

नागराज मंजुळे यांनी त्याच्या पूर्वार्धात खुणांची अदलाबदल केली आहे. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेटवर येते, वर्गात परश्याकडे टक लावून पाहते. आणि नजर चुकवतो तो. आर्ची विहिरीत मैत्रिणींबरोबर पोहत असताना परश्या उडी मारतो, तेव्हा ती अंग चोरून घेत नाही, उलट मुलांनाच बाहेर व्हायला सांगते. परश्या लाजतो, खाली पाहून हसतो, संथ गतीत धावतो. प्रेमात पडलेल्या कोवळ्या देहाचे जे चित्रण एरवी नायिकेला मिळते, ते इथे नायकाला मिळाले आहे. रिंकू राजगुरू यांच्या चेहऱ्यावर या भागात कुठेही परवानगी मागण्याचा भाव नाही. हा मोकळेपणा फक्त स्वभावाचा नाही, हे चित्रपट शांतपणे दाखवत राहतो. ती पाटलाची लेक आहे. ट्रॅक्टर, बुलेट आणि विहीर तिच्या बापाच्या सत्तेतून आले आहेत. परश्याच्या देहातल्या संकोचामागेही त्याचे वय आणि प्रेम तर आहेच, जातही आहे. म्हणून हावभावांना नुसते बाई-पुरुष या दोन रकान्यांत वाचणारा माणूस अर्धेच वाचतो.

उत्तरार्धात दोघे पळून हैदराबादला येतात, आणि आर्चीच्या देहाखालची जमीन काढून घेतली जाते. वस्तीतल्या खोलीत ती प्रथमच जागा कमी घेऊन बसते, नाकावर हात धरते, रडते. संशयाने पेटलेला परश्या एकदा तिच्यावर हात उचलतो, आणि पूर्वार्धातला लाजरा मुलगा त्या क्षणी त्याला मिळालेला पुरुषपणाचा जुना धडा म्हणून दाखवतो. मग हळूहळू दोघेही सावरतात. ती कारखान्यात काम करते, भाषा शिकते, संसार उभा करते. तिचे चालणे आता पूर्वीसारखे उधळलेले नाही, पण दबलेलेही नाही. कमावलेल्या जागेत माणूस जसा वावरतो, तसा तो वावर आहे. शेवटी एका दिवशी ती दारात वाकून रांगोळी काढत असते, आणि तिचा भाऊ समोर येऊन उभा राहतो. एकेकाळी बुलेटवरून जग पाहणारी ती खाली आहे, तो वर आहे. ती मान वर करून पाहते, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती व आनंद एकाच वेळी येतात. माहेर आले आहे असे तिला क्षणभर वाटते, आणि ती भावाला व त्याच्याबरोबर आलेल्यांना घरात घेते.